खोका सध्या कोणाकडे आहे?

इंदूरच्या आमच्या छायाचित्रण मंडळाच्या कपाटात जाड प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा एक गठ्ठा अजून तसाच पडून आहे. रंगपंचमीला राजवाड्यावरून गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते, टँकरमधून रंगीत पाणी आणि यंत्रांतून गुलाल पार वरच्या मजल्यांपर्यंत उडतो. त्यात कॅमेरा घेऊन उतरायचे म्हणजे तो आधी पिशवीत घालून, लेन्सच्या तोंडाशी पिशवी कापून, रबराने आणि चिकटपट्टीने घट्ट बांधून घ्यावा लागतो. मार्च 2020 मध्ये आम्ही अठरा सभासदांसाठी अशा अठरा पिशव्या कापून ठेवल्या होत्या. गेर रद्द झाली, पाठोपाठ जनता कर्फ्यू आला, 25 मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली, आणि इंदुरात तर ती इतकी कडक होती की काही दिवस भाजीसुद्धा मिळेना. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी भरणारी आमची सभा 1 मार्चला झाली ती शेवटची. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षे आम्ही एका खोलीत बसलो नाही. त्या काळात मी मंडळाची चिटणीस होते. हजेरी मांडणे, वर्गणी मागणे आणि चहाचे सांगून ठेवणे एवढेच चिटणिसाचे काम असते, असा तोवर माझा समज होता.

पहिले तीन आठवडे मंडळ फारच जोरात चालले आहे असे वाटत होते. सगळ्यांना वेळ होता आणि सगळ्यांकडे जुने फोटो होते. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर मांडूचा पाऊस, महेश्वरचे घाट, पाताळपाणीचा धबधबा आणि सिरपूर तलावावरचे पक्षी असे अक्षरशः कोसळू लागले. एका दिवशी मी मोजले तेव्हा संध्याकाळपर्यंत एकशे चाळीस चित्रे आली होती. प्रत्येकाखाली अंगठा, टाळ्या, फूल. एप्रिलच्या मध्याला मात्र हा पूर अचानक ओसरला आणि गटावर शुभप्रभातचे संदेश येऊ लागले, तेव्हा माझ्या लक्षात आले की या सगळ्या दिवसांत एकाही चित्राबद्दल कोणी एक पूर्ण वाक्य लिहिलेले नव्हते. आमच्या सभेत एकेका फोटोवर दहा-दहा मिनिटे वाद होत. माणसे मंडळात येत ती त्या वादासाठी. फोटो तर घरीही पाहता येतात.

आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ सभासद, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो, रामबागेत राहतात आणि स्मार्टफोन नाइलाज म्हणून वापरतात. त्यांनी मला फोन करून एवढेच विचारले की, एका दिवसात एकशे चाळीस पदार्थ वाढले तर पाहुणा जेवेल की ताटावरून उठून जाईल. त्यानंतर बोलता बोलता ते जुन्या काळचे छायाचित्रकार दीनदयाळ यांच्यावर आले. लाला दीनदयाळ 1866 मध्ये रुडकीहून शिकून इंदुरात बांधकाम खात्यात नोकरीला लागले आणि 1874 च्या सुमारास याच गावात त्यांनी कॅमेरा हाती घेतला. पुढे निजामाने त्यांना राजा ही पदवी दिली, पण सुरुवातीचा आश्रय त्यांना दुसऱ्या तुकोजीराव होळकरांचा होता. त्या काळी ओल्या काचेवर काम करणाऱ्याला काचेवर लेप द्यावा लागे, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यावे लागे आणि वाळण्याच्या आत, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत, अंधारात नेऊन धुवावी लागे. एवढा खटाटोप असल्यावर माणूस काच लावण्याआधी विचार करतो, असे नानांचे म्हणणे होते. आपणही एकच काच द्यायची, असे ते म्हणाले.

त्यातून आमचा नियम तयार झाला. आठवड्याला प्रत्येकाने एकच चित्र द्यायचे, ते त्याच आठवड्यात आणि स्वतःच्या घराच्या उंबऱ्याच्या आत काढलेले असले पाहिजे, आणि ते गटावर टाकायचे नाही. चिटणिसाने दर सोमवारी जोड्या लावायच्या. जोडीतल्या दोघांनी आपापले चित्र एकमेकांना पाठवायचे आणि मग फोनवर त्याबद्दल बोलायचे. चित्र फोटो म्हणून पाठवले की व्हॉट्सअ‍ॅप ते दाबून लहान करते आणि सावल्यांमधला तपशील चिखलासारखा होतो, म्हणून ते डॉक्युमेंट म्हणून पाठवायचे, हे मला प्रत्येकाला निदान दोनदा सांगावे लागले. नानांना पाच वेळा.

या फोनवरच्या बोलण्यातून जे मिळाले त्याची मी अपेक्षा केली नव्हती. सभेत पडद्यावर चित्र असते, उठून त्यावर बोट ठेवता येते आणि ‘हे इथे काहीतरी बरोबर नाही’ म्हटले की काम भागते. फोनवर बोट ठेवता येत नाही. उजव्या खालच्या कोपऱ्यापासून आत दोन बोटे, परातीच्या कडेवर जो उजेड पडला आहे तो, असे शब्दांत सांगावे लागते, आणि ते सांगताना सांगणाऱ्यालाच चित्र पहिल्यांदा नीट दिसते. माझे पहिले चित्र आमच्या भांड्यांच्या मांडणीचे होते. सकाळच्या तिरप्या उन्हात ताटांच्या कडा एकामागून एक उजळत गेल्या होत्या आणि ते टिपल्याचा मला फार अभिमान वाटत होता. माझ्या जोडीला सुदामानगरातल्या, बँकेत नोकरी करणाऱ्या सभासद होत्या. त्यांनी बराच वेळ काही म्हटले नाही आणि मग विचारले, की तिसऱ्या ताटावर किमतीची चिकटी अजून तशीच का आहे. दोन दिवस मी त्या चित्रावर काम करीत होते, उजेड-अंधार सारखे करीत होते, आणि चित्रात सर्वांत पांढरी असलेली ती कागदाची चौकट मला दिसली नव्हती. ताट दिवाळीत घेतलेले होते. म्हणजे घरात रोज हाताळतानाही सहा महिने ती मला दिसली नव्हतीच.

घरात काय काढायचे, ही तक्रार पहिल्या दोन आठवड्यांत बहुतेकांनी केली. तिला उत्तर म्हणून मी छायाचित्रणाचा इतिहासच पुढे केला, कारण तो मुळी खिडकीपासून सुरू होतो. छायाचित्रणाचा आद्य संशोधक निएप्स याने 1826-27 च्या सुमारास फ्रान्समधल्या आपल्या घराच्या वरच्या खिडकीतून समोरची छपरे टिपली. कॅमेऱ्याने काढलेले, आज टिकून राहिलेले सर्वांत जुने चित्र ते हेच. दुसरा आद्य संशोधक टॅल्बॉट याने 1835 मध्ये इंग्लंडात आपल्या घरातल्या जाळीदार खिडकीचेच चित्र घेतले, आणि ते एवढेसे आहे की तळहातावर मावेल. मला स्वतःला या बाबतीत सर्वांत जवळचा वाटतो तो प्रागचा छायाचित्रकार योसेफ सुदेक. पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा हात गेला होता. दुसऱ्या महायुद्धात शहर जर्मनांच्या ताब्यात असताना, 1940 पासून, तो आपल्या लहानशा स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढीत राहिला: काचेवरचे दव, पलीकडचे वाकडे झाड, तावदानावर ओघळणारे पाणी. युद्ध संपल्यावरही त्याने ती खिडकी सोडली नाही, पुढे अनेक वर्षे तो तीच काढत होता.

तेव्हा खिडकी हाच आमचा पहिला धडा झाला. उत्तरेच्या खिडकीपाशी ऊन सहसा थेट येत नाही म्हणून तिथला उजेड दिवसभर मऊ आणि एकसारखा राहतो, समोरच्या बाजूला पांढरा टॉवेल किंवा पुठ्ठा धरला की चेहऱ्याची अंधारातली बाजू उघडते, खोलीतला दिवा बंद केला नाही तर पिवळा आणि निळा उजेड एकमेकांत मिसळून त्वचेचा रंग आजारी दिसतो. या गोष्टी पुस्तकात सगळ्यांनीच वाचलेल्या असतात, पण त्या करून पाहायला घरात कोंडून घालावे लागते, असे दिसते. घरच्या माणसांचे फोटो मात्र सुरुवातीला फार वाईट आले. सगळे भिंतीला पाठ लावून ताठ उभे. मग मी यशवंतराव होळकर आणि संयोगिताराजे यांचे, मॅन रे या छायाचित्रकाराने 1930 च्या सुमारास घेतलेले फोटो सगळ्यांना पाठवले. इंदूरचे महाराज आणि महाराणी, पण त्यांत ना सिंहासन ना पगडी. दोघे सैलावून बसलेले, एकमेकांना टेकलेले, हसत असलेले आहेत. राजेसाहेब असे बसू शकतात तर आमच्या सासऱ्यांना बनियनवर काढायला काय हरकत आहे, असे एका सभासदाने लिहिले. सासऱ्यांनी हरकत घेतली, हे पुढे कळले.

माझ्या मते त्या उन्हाळ्यातला सर्वांत श्रीमंत आठवडा अंधाऱ्या खोलीचा होता. माझी झोपायची खोली पश्चिमेला आहे आणि समोरच्या घरावर सकाळचे ऊन पडते. खिडकीवर मी फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा बसवला, फटींना स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियमची फॉइल चिकटवली, दाराखाली चादर दाबली आणि पुठ्ठ्यात मधोमध दीड सेंटिमीटरचे भोक पाडले, त्यातून बाहेरचे दृश्य समोरच्या भिंतीवर उलटे उमटावे म्हणून. पाच मिनिटे काहीच दिसले नाही. डोळे सरावले तसे आधी निळसर काहीतरी भिंतीच्या तळाशी जमू लागले, ते आकाश होते. वर समोरच्या घराची गॅलरी उलटी लटकत होती, तिच्यात वाळत घातलेला लाल टॉवेल दोरीवरून वरच्या दिशेने ‘लोंबत’ होता, आणि छताच्या जवळ रस्ता होता. तेवढ्यात महापालिकेची पिवळी कचरागाडी आपले नेहमीचे गाणे वाजवत आली. त्या दिवसांत किराण्याची यादीही याच गाडीवाल्याकडे द्यायची असे, त्यामुळे ती आली की गल्लीत तेवढीच हालचाल. गाणे खिडकीबाहेर उजवीकडून डावीकडे सरकत होते आणि भिंतीवर गाडी चाके वर करून, छताला चिकटून, नेमकी उलट्या दिशेने चालली होती. माझी मुलगी आणि मी दोघी पलंगावर उताण्या पडून ती पाहत होतो. ट्रायपॉडवर कॅमेरा लावून लेन्स पंधरा सेकंद उघडी ठेवायची असे मोजून ठेवले होते. गाडी थांबली तेव्हा चित्र घेतले. गाडी स्पष्ट आली, पण बादल्या घेऊन आलेली माणसे हलत असल्याने त्यांच्या जागी नुसते धुराचे पुंजके उमटले.

याच तत्त्वाचा पुढचा भाग 21 जूनला गच्चीवर झाला. त्या रविवारी सूर्यग्रहण होते, इंदुरात खंडग्रास, सकाळी दहानंतर सुरू होऊन दुपारी दोनच्या आत सुटणारे. सूर्याकडे कॅमेरा रोखायचा नाही, व्ह्यूफाइंडरमधून तर मुळीच पाहायचे नाही, हे मी तीन दिवस आधीपासून सांगत होते. सूर्याकडे पाठ करून, खाली पडणाऱ्या उजेडाचे फोटो काढायचे होते. ढगांच्या फटीतून ऊन येईल तेव्हा निंबाच्या पानांखाली जमिनीवर नेहमीच्या गोल कवडशांऐवजी शेकडो चंद्रकोरी पडलेल्या दिसत होत्या, कारण पानांमधली प्रत्येक बारीक फट म्हणजे माझ्या पुठ्ठ्यातले भोकच. ज्यांच्या घरी झाड नव्हते त्यांच्यापैकी एकीने बुंदीचा झारा धरला. पांढऱ्या चादरीवर रांगेने चंद्रकोरी आणि कडेला झाऱ्याच्या दांड्याची सावली, असे ते चित्र आहे. माझ्या मते आमच्या मंडळाने त्या वर्षी काढलेले ते सर्वोत्तम चित्र होते, आणि ते मोबाइलवर काढलेले होते, हे काही जणांना अजून पचलेले नाही.

ऑनलाइन सभाही आम्ही घेतल्या. त्यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. झूमच्या फुकटच्या चाळीस मिनिटांतली पहिली दहा ‘आवाज येतो का’मध्येच आटोपत असत, आणि प्रत्येकाच्या पडद्याचा उजेड वेगळा असल्याने एकाला जे चित्र काळेकुट्ट वाटे ते दुसऱ्याला फिकट. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत एकवीस टप्प्यांची करडी पट्टी सगळ्यांना पाठवून, शेवटचे दोन काळे टप्पे वेगळे दिसेपर्यंत पडद्याचा उजेड वाढवा, असे सांगितल्यावर निदान भांडण एकाच चित्रावर होऊ लागले.

घरी बसणे याचा अर्थ सगळ्यांना सारखा नसतो, हे कळायला मला जून उजाडला, आणि मी स्वतः बाई असून कळायला इतका वेळ लागला याची मला लाज वाटते. जोड्यांचे फोन संध्याकाळी सहाला ठरवले होते. पुरुष सभासद वेळेवर असत. बायकांचे फोन चुकत, आणि दोघींनी तर मंडळ सोडण्याचे कळवले. कामवाल्या बायका येत नव्हत्या, घरातली सगळी माणसे चोवीस तास घरात होती, आणि सहा वाजता कोणाच्याही स्वयंपाकघरात मोकळा हात नव्हता. वेळ दुपारी साडेतीनची केली तेव्हा एक परतली, दुसरी नाही. पंचविशीच्या आतले चारजण मात्र वेळ कोणतीही केली असती तरी गेलेच असते, असे मला वाटते. त्यांना वाट पाहण्याचा खेळ आवडला नाही आणि त्यात त्यांची काही चूक आहे असे म्हणण्याची माझी तयारी नाही.

पावसाळा लागल्यावर एक निराळेच संकट आले. कॅमेरे महिनोन्‌महिने कातडी पिशव्यांत बंद होते आणि लेन्सला बुरशी धरण्यासाठी याहून सोयीची जागा नाही. माझ्या जुन्या पन्नास मिलिमीटरच्या लेन्समध्ये आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरलेले मला ऑगस्टमध्ये दिसले, टॉर्च मागून धरल्यावर. तेव्हा चिटणीस या नात्याने मी सर्वांना फर्मान काढले, की घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेल घालून लेन्स त्यात ठेवाव्यात, जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परत निळे करून घ्यावेत, आणि तांदळात लेन्स पुरण्याचा घरगुती उपाय कोणीही करू नये, कारण तांदळाची भुकटी आत जाते. दोघांनी तो आधीच केला होता.

फोटो छापून देणारी दुकाने उघडल्यावर, त्याच ऑगस्टमध्ये, आम्ही भिशी सुरू केली. 19 ऑगस्टला, जागतिक छायाचित्रण दिनाला, आमचे दरवर्षी प्रदर्शन असते. ते शक्य नव्हते, तेव्हा प्रदर्शनानेच घरोघर जावे असे ठरले. इंग्लंडात डाकेने छापील चित्रांचे गठ्ठे फिरवणारी मंडळे एकोणिसाव्या शतकापासून होती, त्यांची ही इंदुरी आवृत्ती. मिठाईचा मजबूत पुठ्ठ्याचा खोका, त्यात प्रत्येकाचे पाच बाय सात इंचांचे एक चित्र आणि एक दोनशे पानी वही. खोका ज्याच्या घरी येईल त्याने वहीत इतरांच्या चित्रांवर हाताने लिहायचे, आपले जुने चित्र काढून नवे घालायचे आणि चार दिवसांत पुढच्याच्या फाटकावर नेऊन ठेवायचा. तेरा जण उरलो होतो, म्हणजे एक फेरी साधारण दोन महिन्यांची. पहिल्या फेरीत तिलकनगरातल्या एका काकांनी विषाणू मरावा म्हणून सगळी चित्रे दोन दिवस गच्चीवर कडक उन्हात वाळत घातली, आणि खोका माझ्याकडे आला तेव्हा चित्रे पापडांसारखी वळलेली होती. त्यांच्यावर शब्दकोश ठेवून ती सरळ करायला मला आठवडा लागला. त्यानंतर खोका नुसता फळीवर दोन दिवस बंद ठेवायचा असे ठरले.

वहीत लोक फोनपेक्षाही मोकळे झाले. शाईने लिहायचे असल्यामुळे माणूस जरा थांबतो, आणि आधीच्या तिघांनी काय लिहिले ते वाचून मगच लिहितो, त्यामुळे चित्रापेक्षा शेऱ्यांचाच वाद जास्त रंगे. झाऱ्याच्या त्या चित्रावर साडेतीन पाने आहेत. नानांनी लिहिले आहे की चित्र चांगले आहे पण झारा दिसायला नको होता. त्याखाली सहा जणांनी वेगवेगळ्या शाईंत ‘झारा हवाच’ असे लिहिले आहे. आणि दुसऱ्या फेरीत नानांनी पुन्हा, तारीख घालून, ‘माझे मत कायम’.

एप्रिल 2021 मध्ये सगळे पुन्हा बंद झाले तेव्हा खोका राजेंद्रनगरात अडकला आणि तो महिना दीड महिना कोणी त्याची चौकशीही केली नाही, कारण त्या दिवसांत आमच्यापैकी जवळजवळ प्रत्येक घरात कोणीतरी आजारी होते. सोमवारच्या जोड्याही मी लावल्या नाहीत. जूनमध्ये पहिला फोन नानांचा आला, आणि त्यांनी प्रकृतीचे सगळे विचारून झाल्यावर शेवटी विचारले, की खोका सध्या कोणाकडे आहे.

आता सभा पुन्हा भरतात, पहिल्या रविवारी, त्याच खोलीत, आणि पडद्यावर बोट ठेवून बोलता येते. तरी भिशी आम्ही चालू ठेवली आहे. मिठाईचा तो पहिला खोका तिसऱ्या वर्षी फाटला, त्याच्या जागी बुटांचा आला; वही चौथी चालू आहे. आज खोका माझ्या टेबलावर आहे, उद्या संध्याकाळपर्यंत तो रामबागेत पोचवायचा आहे, वहीतली माझी पाने लिहून झाली आहेत, आणि माझे स्वतःचे या फेरीचे चित्र मात्र अजून दुकानातून छापून आलेले नाही.